टोपड्याखालची गाठ: नऊ महिन्यांच्या बाळाचं जेएक्सजी

मी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला लहान मुलांची प्रॅक्टिस करते. ही केस आई-बाबांना विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. लिहायचं कारण एवढंच की ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा, म्हणजे जेएक्सजी, लहान बाळांच्या त्वचेवर येणारी पिवळसर गाठ, हे नाव आपल्याकडे खूप कमी वेळा उच्चारलं जातं, आणि त्यामुळे एका निरुपद्रवी गाठीवर चुना लागतो, मलमं लागतात, कोणीतरी खरवडायला निघतं, आणि या केसमध्ये या सगळ्या गोष्टी एकाच बाळाला झाल्या.

पार्श्वभूमी

पहिलं बाळ, मुलगा, पूर्ण दिवसांचा, वजन चांगलं, आईचं दूध व्यवस्थित. राहायला धायरीत. आई हिंजवडीत आयटीत, २६ आठवड्यांची रजा संपली आणि ती कामावर गेली, मग साताऱ्याकडून बाबांची आई येऊन राहिली. तिसऱ्या महिन्यात मालिशवाल्या मावशींना डोक्यावर उजव्या कानशिलाच्या वर, केसांच्या कडेला, एक लालसर ठिपका हाताला लागला होता. डास चावला असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

१४ आठवड्यांच्या लसीला बाळ माझ्याकडे आलं होतं. जुन्या नोंदी काढून बघितल्या तर मी वजन, उंची, डोक्याचा घेर सगळं लिहिलंय. घेर मोजायला टोपडं मागे सरकवलं असणार, पण डोक्याची त्वचा बघितल्याचं एक अक्षर नाही. थंडीचे दिवस, बाळ रडतंय, बाहेर रांग. ठिपका तेव्हा तिथे होता, आणि मला तो दिसला नाही.

पाचव्या महिन्यापर्यंत तो मुगाच्या दाण्याएवढा झाला आणि रंग लालवरून केशरीकडे गेला. आजी आल्यावर त्यांनी बघितलं आणि सरळ सांगितलं, चामखीळ आहे. गावाकडे चामखिळीला घोड्याचा केस बांधतात नाहीतर चुना लावतात. केस बांधायला गाठ डोक्यावर बसकी होती, म्हणून चुना लावला, दोन दिवस थोडा थोडा. आजींच्या हेतूबद्दल मला काडीची शंका नाही, त्यांनी स्वतःच्या मुलांना हेच केलं होतं. पण चुना अल्कली आहे, बाळाची कातडी पातळ, गाठीचा वरचा थर भाजला, पाणी सुटलं, खपली धरली.

मग जवळच्या एका दवाखान्यात नेलं, जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक मलम मिळालं. दहा दिवसांनी तीच गोष्ट, दुसरं मलम. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की हे मोलस्कम (विषाणूमुळे त्वचेवर येणारे छोटे उंचवटे) आहे, खरवडून काढू, तारीख घ्या. तारीख मिळाली आणि त्याच सुमाराला आईला अंघोळ घालताना दंडावर तशीच दुसरी गाठ दिसली, मग पाठीवर अजून. आता आई-बाबा घाबरले, तारीख रद्द केली आणि नवव्या महिन्याच्या लसीला आले तेव्हा लसीआधी फोनमधले फोटो पुढे केले.

अडचण नक्की काय होती

बाळाला पूर्ण उघडं केलं. हे मी मुद्दाम लिहितेय, लंगोटसुद्धा काढला, टोपडं काढलं, पायमोजे काढले. आई-बाबांनी तीन गाठी मोजल्या होत्या, मला पाच सापडल्या. डोक्यावर ११ मिलिमीटरची, मध्यभागी खपली. दंडावर ५ मिलिमीटरची, गोल घुमटासारखी, पिकत आलेल्या जर्दाळूच्या रंगाची. पाठीवर दोन, मांडीवर एक, या तिन्ही ३-४ मिलिमीटरच्या, अजून लालसर.

दंडावरची गाठ सगळ्यात बोलकी होती, कारण तिला कोणी हात लावला नव्हता. बोटाला रबरासारखी घट्ट लागत होती, दाबली तर बाळ रडत नव्हतं. काचपट्टीने दाबून लाली बाजूला केली की खाली पिवळा रंग राहत होता. मोलस्कमला मध्ये बेंबीसारखा खळगा असतो आणि रंग मोत्यासारखा असतो, इथे खळगा नाही, मोती नाही. चोळून बघितलं, गांध आली नाही, म्हणजे मास्टोसायटोमाची शक्यता मागे पडली (ती ॲलर्जीच्या मास्ट पेशींची गाठ, त्यात चोळल्यावर जागा फुगते आणि लाल होते). रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा, दाबल्यावर मऊ लागते आणि रंग उतरतो, तीही नाही.

तर माझ्या मनात जेएक्सजी पहिल्या पाच मिनिटांत आलं होतं. एच. जी. ॲडमसन यांनी १९०५ मध्ये याचं वर्णन केलं, आजचं नाव १९५४ मध्ये हेल्विग आणि हॅकनी यांनी दिलं. शरीरातल्या हिस्टिओसाइट नावाच्या पेशी त्वचेत गोळा होतात, त्यांच्यात चरबीचे थेंब साठतात, म्हणून पिवळेपणा. बहुतेक मुलांना पहिल्या वर्षात दिसतं, काहींना जन्मतःच असतं, जास्त करून डोकं, मान, छातीचा आणि पाठीचा वरचा भाग. बहुतेकांना एकच गाठ असते आणि काही वर्षांत ती आपोआप बसते.

मग अडचण काय? अडचण डोक्यावरची. बाळाच्या डोक्यावर खपली धरलेली, बरी न होणारी जागा दिसली की लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिसचा, एलसीएचचा, विचार करावाच लागतो. नाव जवळचं वाटतं पण आजार वेगळा, त्यात हाडं, यकृत, प्लीहा, रक्त यांत शिरकाव होऊ शकतो आणि काही बाळांना केमो लागते. आता ही खपली चुन्याची की आजाराची, हे नुसतं बघून कोण सांगणार? चुन्याने गाठ बिघडली नसती तर बहुधा नुसत्या नजरेवर आणि भिंगावर निदान संपलं असतं.

दुसरी गोष्ट, एकापेक्षा जास्त गाठी आणि वय दोन वर्षांच्या आत, म्हणजे डोळ्यांचा प्रश्न. तिसरी, बाळाच्या पोटावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे दोन सपाट डाग होते.

काय काय पर्याय होते

एक, काहीच न करता थांबायचं. जेएक्सजीला हे चालतं, पण तेव्हाच जेव्हा खात्री असते. आमची खात्री नव्वद टक्क्यांवर अडकली होती आणि उरलेल्या दहात एलसीएच होतं.

दोन, सगळ्या गाठी काढून टाकायच्या. बाबांचा आग्रह यावर होता, "एकदाच भूल द्या, पाचही काढा, संपवून टाका." त्यांचं मन मला कळत होतं, तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळालेला माणूस असंच म्हणणार. पण जी गोष्ट स्वतःहून जाणार आहे तिच्यासाठी बाळाला पाच व्रण कशाला, आणि एवढं करून नवीन गाठी येणार नाहीत याची हमी नाहीच.

तीन, एका गाठीचा छोटा तुकडा तपासायचा, आणि बाकी शरीर नीट बघायचं. याच्यावर आलो. पण त्यातही प्रश्न होते, कुठली गाठ, कधी, आणि डोळे आधी की बायप्सी आधी.

मी डोळे आधी म्हटलं. त्वचेबाहेर जेएक्सजी सगळ्यात जास्त डोळ्यात सापडतं, आणि तिथे बहुतेक वेळा बुबुळातल्या रंगीत पडद्यात, आयरिसमध्ये. फार क्वचित होतं, त्वचेच्या गाठी असलेल्या हजार मुलांत तीन ते पाच असा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. पण होतं तेव्हा डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात अचानक रक्त उतरतं, दाब वाढतो, नजर जाऊ शकते. अलीकडे काही तज्ज्ञ म्हणतात की प्रत्येक मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवून फारसं काही हाती लागत नाही, आणि एकाच गाठीच्या मुलाबाबत मीही आता तेवढी आग्रही नसते. हे बाळ मात्र दोन वर्षांच्या आतलं, पाच गाठींचं. तपासणीत टोचणं नाही, कापणं नाही, आणि चुकलं तर नुकसान कायमचं. त्वचेचा तुकडा आठवड्याने घेतला तरी काही बिघडत नव्हतं.

रक्ताबद्दल जास्त घोळ झाला. जेएक्सजी, न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (एनएफ-१, त्वचेवर असे कॉफी-डाग आणि मज्जातंतूंवर गाठी आणणारा जनुकीय आजार) आणि जेएमएमएल नावाचा लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर, या तिघांचं नातं पुस्तकात असतं आणि परीक्षेत हमखास विचारतात. १९९५ च्या एका आढाव्यात म्हटलं होतं की एनएफ-१ आणि जेएक्सजी दोन्ही असलेल्या मुलांना जेएमएमएलचा धोका नुसत्या एनएफ-१ च्या मुलांपेक्षा २० ते ३२ पट. ऐकून धडकी भरते, पण मुळात जेएमएमएल दहा लाख मुलांत वर्षाला एखाद्यालाच होतो, आणि त्या आकड्यावर पुढे बराच वादही झाला. आमच्या बाळाला कॉफी-डाग दोनच होते. एनएफ-१ साठी या वयात ५ मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त लागतात. काखेत, जांघेत बारीक ठिपके नाहीत, आई-बाबांची त्वचा बघितली, तिथेही काही नाही. यकृत-प्लीहा हाताला लागत नव्हते. त्यामुळे जेएमएमएलसाठी म्हणून रक्त काढायची गरज नव्हती. बाळ फिकट दिसत होतं म्हणून हिमोग्राम केला आणि तो वेगळ्याच कारणाने उपयोगी ठरला, त्याच्याबद्दल खाली.

कोलेस्टेरॉल करायचं का, हे बाबांनी विचारलं, कारण त्यांचं स्वतःचं जास्त आहे आणि त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की पिवळ्या गाठी म्हणजे चरबी. जेएक्सजीमध्ये रक्तातली चरबी नॉर्मल असते, पेशींमधल्या चरबीचा खाण्याशी संबंध नाही. आजींनी लगेच वरणभातातलं तूप बंद केलं होतं, ते मी परत सुरू करायला लावलं.

काय केलं

त्याच दिवशी नवव्या महिन्याची लस दिली, थांबवायला काही कारण नव्हतं. खपलीवर फक्त व्हॅसलिन, बाकी सगळी मलमं बंद. कानातून पाणी येतं का, लघवी आणि तहान खूप आहे का, लंगोटाच्या जागी न बरी होणारी पुरळ आहे का, हे एलसीएचच्या दृष्टीने विचारलं, सगळ्याला नाही. प्रत्येक गाठीचा मोजपट्टी ठेवून फोटो काढला.

दोन दिवसांनी डेक्कनला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. चादरीत गुंडाळून, थेंब घालून, हातात धरायच्या स्लिट लॅम्पने दोन्ही डोळे बघितले, आयरिस स्वच्छ, दाब नॉर्मल. घरी काय बघायचं ते आईला शिकवलं: काळ्या बुबुळात खाली लालसर थर, एका डोळ्याचा रंग दुसऱ्यापेक्षा वेगळा वाटणं, उजेडात डोळा न उघडणं, एकाच डोळ्यातून सारखं पाणी, एक डोळा मोठा दिसणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी यायचं, सोमवारची वाट बघायची नाही.

मग स्किनच्या डॉक्टर. त्यांनी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा बघायचं दिव्याचं भिंग, लावला आणि मला स्क्रीन दाखवली, दंडाच्या गाठीत मध्ये पिवळा-केशरी गोळा, कडेने लाल वलय, बारीक फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या. याला मावळत्या सूर्यासारखं रूप म्हणतात आणि खरंच तसंच दिसतं. डोक्यावरच्या गाठीत मात्र खपली आणि पांढरट व्रण सोडून काही कळत नव्हतं.

आता कुठली गाठ घ्यायची. डोक्यावरची नको, चुन्याने बिघडलेली. दंडावरची दिसणाऱ्या जागी, आईचं मन होईना. पाठीवरची लहान, कपड्याखाली, एकाच पंचमध्ये पूर्ण निघेल. जागेपुरती भूल देऊन ४ मिलिमीटरचा पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा), एक टाका, पाच मिनिटांत झालं. आम्हाला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

रिपोर्ट आला: हिस्टिओसाइट पेशींचा दाट थर, मध्ये काही इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), टाउटन पेशी दिसत नाहीत, एलसीएच नाकारता येत नाही, पुढची तपासणी करावी.

टाउटन पेशी म्हणजे जेएक्सजीची ओळखखूण, एकाच मोठ्या पेशीत केंद्रकांचं गोल कडं, हळदीकुंकवाच्या थाळीत कडेने विडे मांडावेत तसं, आणि कड्याबाहेर फेसाळ चरबी. पण त्या तयार व्हायला वेळ लागतो. नवीन, लाल गाठीत त्या बऱ्याचदा नसतात. आम्ही नेमकी सगळ्यात नवीन गाठ पाठवली होती.

मी पॅथॉलॉजिस्टना फोन केला. त्यांनी विचारलं वय काय, किती गाठी, किती दिवसांच्या, रंग कसा, डोक्यावर काय आहे. हे सगळं फॉर्मवर असायला हवं होतं आणि फॉर्मवर होतं "त्वचेची गाठ". फोनवर सगळं ऐकल्यावर ते म्हणाले बहुतेक जेएक्सजीच, पण लेखी द्यायला मार्कर (पेशी कुठल्या प्रकारच्या ते दाखवणारी रंगचाचणी) करू. आधीच्याच तुकड्यावर ती चाचणी, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, झाली, बाळाला परत टोचावं लागलं नाही.

आणि मधले ते दिवस. मी आईला पहिल्या भेटीत दोन्ही नावं सांगितली होती, जेएक्सजी आणि लँगरहॅन्स, प्रामाणिकपणाने सांगितलं असं मला वाटत होतं. रात्री पावणेदोनला तिचा मेसेज, केमोचे केस गळलेले फोटो बघून झाले होते, "डॉक्टर, किती टक्के?" एवढंच लिहिलेलं. सकाळी फोन केला तर आजी रडत होत्या, त्यांना वाटत होतं चुन्यामुळे हे अंगभर पसरलं. हे कोणी त्यांना बोललं नव्हतं, त्यांनी स्वतःच ठरवून घेतलं होतं. मी सांगितलं, "आजी, चुन्याने जखम झाली हे खरं, पण बाकीच्या गाठी त्याने आलेल्या नाहीत, त्या येणारच होत्या." हे मी फोनवर तीनदा सांगितलं आणि नंतर समोर बसवून परत सांगितलं.

रिपोर्ट: सीडी६८ आणि फॅक्टर तेरा-ए पॉझिटिव्ह, सीडी१ए, लँगरिन आणि एस-१०० निगेटिव्ह. एलसीएचमध्ये सीडी१ए आणि लँगरिन पॉझिटिव्ह येतात. म्हणजे जेएक्सजी, प्रश्न मिटला. हाडांचे एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, यातलं काही केलं नाही, तब्येतीत तसं काही नसताना ते करायचं नसतं.

हिमोग्रामचं राहिलं. मोनोसाइट (जेएमएमएलमध्ये वाढतात त्या पांढऱ्या पेशी) नॉर्मल, पण हिमोग्लोबिन ९.६ आणि पेशी लहान, साधी लोहाची कमी, आईच्या दुधावरच्या या वयाच्या बाळांत कितीतरी वेळा सापडते. लोहाचे थेंब सुरू केले. बाळाला त्या महिन्यात औषध म्हणून जे काही दिलं ते एवढंच.

पुढे काय झालं

अकराव्या महिन्यात छातीवर अजून एक गाठ आली. आधीच सांगून ठेवलं होतं की दीड-दोन वर्षांपर्यंत नवीन येऊ शकतात, म्हणून यावेळी मेसेज दुपारी आला आणि नुसता फोटो होता, मोजपट्टीसकट. त्यानंतर नवीन नाही. दीड वर्षाला पाठीवरची उरलेली आणि मांडीवरची बसली, जागी फिकट तपकिरी डाग. दोन वर्षांना दंडावरची सपाट, कातडी किंचित सैल. अडीच वर्षांना डोक्यावरची पण बसली, पण तिथे नाण्याएवढ्या जागेत केस नाहीत, आणि त्यातलं किती गाठीमुळे आणि किती चुन्यामुळे हे सांगता येणार नाही. डोळे नवव्या, पंधराव्या आणि चोविसाव्या महिन्यात बघितले, तिन्ही वेळा स्वच्छ.

आज परत आलं तर

टोपडं. आता प्रत्येक लसीला मी बाळाचं डोकं उघडं करून बघते आणि वहीत तशी ओळ लिहिते, थंडी असली तरी. १४ आठवड्यांना मला तो ठिपका दिसला असता तर निदान झालंच असतं असं नाही, पण "यावर काही लावू नका, पुढच्या वेळी बघू" एवढं तरी बोलले असते आणि चुना टळला असता.

काय काय लावलं हे विचारायची पद्धत बदलली. "काही लावलं का" विचारलं की नाही असंच उत्तर येतं. आता मी म्हणते, "बऱ्याच घरी चुना, हळद, लसूण लावून बघतात, तुमच्याकडे काय लावलं?" आधीच्या तिन्ही दवाखान्यांत चुना कोणाला कळलाच नव्हता, आजींना विचारलंच नव्हतं, त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. मलाही आईनेच खालच्या आवाजात सांगितलं.

बायप्सीला दंडावरची जुनी, पिवळी पडलेली गाठ घ्यायला हवी होती. एक बारीक व्रण दिसला असता, पण टाउटन पेशी बहुधा तिथेच सापडल्या असत्या, मार्करचा खर्च आणि ते वाईट दिवस वाचले असते. स्किनच्या डॉक्टर याच्याशी पूर्ण सहमत नाहीत, त्यांचं म्हणणं डोक्यावर खपली असताना मार्कर त्यांनी तसेही सांगितले असते. फॉर्मबद्दल मात्र दोघींचं एकमत आहे: वय, संख्या, किती महिन्यांपासून, रंग, आणि मनातली दोन निदानं, हे लिहिल्याशिवाय बाटली पाठवायची नाही.

दोन नावं सांगण्याबद्दल अजून माझं ठरलेलं नाही. लपवायचं नाही हे नक्की. पण त्या दिवशी मी नावं सांगितली आणि कशाकडे किती झुकतंय ते नीट सांगितलं नाही, रिपोर्ट किती दिवसांनी येईल ते सांगितलं नाही, मधल्या काळात प्रश्न पडला तर कधी फोन करायचा तेही नाही. तिच्या मेसेजमधला प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे पहिल्याच दिवशी होतं.

मुलगा आता तीन वर्षांचा आहे, आजी अजून धायरीतच आहेत आणि त्याला त्याच घेऊन येतात. पोटावरचे कॉफी-डाग दोनचे दोनच आहेत. ते वयाप्रमाणे वाढू शकतात, म्हणून पाचव्या वर्षाच्या बूस्टरला त्याला परत पूर्ण उघडं करून मोजायचे, असं फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय.